युरोपात बस्तान कुठे बसवायचं? देश नंतर ठरवा, काम आधी लिहा

म्हैसूरच्या विजयनगरमधून बोलतेय. विजयनगर म्हटलं की पुष्कळांना हंपी आठवते. आमचं विजयनगर म्हणजे म्हैसूर शहरातली एक मोठी वसाहत. इकडे योगनरसिंह स्वामींचं देऊळ, आणि थोडं पुढे गेलं की हेब्बाळचा औद्योगिक भाग आणि इन्फोसिसचं आवार. निर्यात करणाऱ्या छोट्या उद्योगांची कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आजचा विषय माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी येतोच.

विषय असा: "मला बाहेरच्या देशांशी धंदा करायचाय. युरोपात कंपनी काढायची तर कोणत्या देशात काढू?"

बेळगावहून विचारतात, इचलकरंजीहून विचारतात, इंदूर-बडोद्याची मराठी मंडळी विचारतात. आणि बहुतेक वेळा प्रश्नाबरोबर उत्तरही आणलेलं असतं. कोणीतरी एजंट भेटलेला असतो. "तीन दिवसांत कंपनी, टॅक्स शून्य, घरबसल्या." घर तारण ठेवून पैसे उभे करायची तयारी असते, आणि कुठला देश हे त्या एजंटच्या पॅकेजवरून ठरलेलं असतं.

आज आपण हे सगळं उलट्या बाजूने बघूया. आधी काम, मग देश. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचा ग्राहक कुठे आहे, माल कुठे उतरणार आहे आणि तिकडे तुमच्या वतीने माणूस कोण आहे, या तीन गोष्टी कागदावर आल्या की देश जवळजवळ आपोआप ठरतो. टॅक्सचा दर त्यानंतर बघायचा. आज सांगते ते आकडे २०२५ सालचे आहेत. पैसे भरायच्या आधी सीएकडून एकदा ताडून घ्या.

मुळात तिकडे कंपनी लागतेय का?

हा पहिला प्रश्न कोणी विचारतच नाही. इथून थेट निर्यात करायला तिकडे कंपनी लागत नाही. आयईसी नंबर आहे, जीएसटीचं एलयूटी भरलंय, बँक खातं आहे, झालं. म्हैसूरहून इनव्हॉइस करा, पैसे युरोमध्ये येतील. सॉफ्टवेअर, डिझाइन, भाषांतर अशी सेवा देणाऱ्यांचं तर वर्षानुवर्षं असंच चालतं.

मग तिकडे बस्तान कधी लागतं? माझ्या अनुभवात चार कारणं खरी निघतात.

पहिलं, ग्राहक म्हणतो की करार आणि बिल युरोपातल्या कंपनीचंच हवं. दुसरं, ग्राहकाला माल तीन दिवसांत हवा असतो आणि आपलं जहाज तर कित्येक आठवडे घेतं, म्हणून साठा तिकडे ठेवावा लागतो. तिसरं, आपला माणूस तिकडे कायम ठेवायचा आहे. आणि चौथं, कायदाच तिथला पत्ता मागतो.

हे चौथं कारण नवं आहे आणि पुष्कळांना माहीत नाही. युरोपीय संघात सर्वसाधारण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा नवा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार वस्तूमागे युरोपीय संघात पत्ता असलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते, आणि तिचं नाव-पत्ता मालावर किंवा पॅकिंगवर यावा लागतो. साबण-तेलासारख्या सौंदर्यप्रसाधनांना हा नियम त्याही आधीपासून आहे. पण इथेही लक्षात घ्या, ही जबाबदारी पैसे घेऊन स्वीकारणाऱ्या संस्था तिकडे असतात. तुमचा आयातदारही ती घेऊ शकतो. म्हणजे पत्ता लागतो, स्वतःची कंपनी लागतेच असं नाही.

या चारांपैकी एकही कारण तुम्हाला लागू होत नसेल, तर पुढचा भाग ज्ञान म्हणून वाचा आणि पैसे बँकेत राहू द्या.

'युरोप' म्हणजे नेमकं कोणतं?

आपण युरोप म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

एक म्हणजे युरोपीय संघ, २७ देशांचा. या सत्तावीस देशांची बाहेरून येणाऱ्या मालावरची ड्युटी एकच आहे. तुमचा माल रॉटरडॅमला उतरो, हॅम्बुर्गला उतरो की ग्रीसमध्ये, ड्युटीचा दर तोच. एकदा ड्युटी भरून आत आला की पुढे सीमेवर पुन्हा ड्युटी नाही. त्यामुळे "अमक्या देशात ड्युटी कमी आहे" असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा.

दुसरं, ब्रिटन. आपल्याला भाषेमुळे आणि नातेवाइकांमुळे लंडन जवळचं वाटतं. पण ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडलं आणि त्या वर्षाअखेर जुनी व्यवस्था संपली. आता लंडनच्या गोदामातून जर्मनीला माल पाठवायचा म्हणजे पुन्हा सीमाशुल्काचे कागद. ग्राहक ब्रिटनमध्येच असेल तर कंपनी ब्रिटनमध्ये ठीक आहे. लंडनमध्ये बसून सगळा युरोप सांभाळायचे दिवस मालाच्या धंद्यापुरते तरी गेले.

तिसरं, स्वित्झर्लंड आणि नॉर्वेसारखे देश. स्वित्झर्लंड संघात नाही. त्याचा, नॉर्वेचा, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइनचा मिळून भारताशी व्यापार करार झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. पण तो त्या चार देशांपुरता. स्वित्झर्लंडला उतरलेला माल फ्रान्समध्ये फुकट जात नाही.

आणि चलन. संघात असूनही हंगेरीत फॉरिंट चालतो, पोलंडमध्ये झ्लॉटी, डेन्मार्क-स्वीडनमध्ये क्रोन आणि क्रोना. बिल युरोत आणि पगार-भाडं दुसऱ्याच चलनात असेल तर दोनदा चलन बदलण्याचा खर्च पडतो.

टॅक्सचा आकडा किती खरा, किती फसवा?

आता आवडता विषय. हंगेरीत कंपनीच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे, संघात सगळ्यांत कमी. आयर्लंडमध्ये व्यापारी उत्पन्नावर १२.५ टक्के. नेदरलँड्समध्ये पहिल्या २ लाख युरोंवर १९ टक्के आणि त्यावर २५.८ टक्के. जर्मनीत केंद्राचा आणि नगरपालिकेचा मिळून साधारण ३० टक्क्यांच्या आसपास. एस्टोनियात नफा कंपनीतच ठेवला तर कर नाही. वाटला की २०२५ पासून २२ टक्के.

हे वाचून हात आपोआप हंगेरीकडे वळतो. पण आपण एक हिशेब करू. समजा तुमच्या भारतीय कंपनीची तिकडे उपकंपनी आहे आणि तिला वर्षाला २० लाख रुपये नफा झाला.

हंगेरीत कर १ लाख ८० हजार, उरले १८ लाख २० हजार. नेदरलँड्समध्ये कर ३ लाख ८० हजार, उरले १६ लाख २० हजार. फरक २ लाखांचा. आता हे पैसे लाभांश म्हणून भारतात आणा, कारण घराचे हप्ते भारतात भरायचेत. परदेशी उपकंपनीच्या लाभांशावर भारतीय कंपनीला पूर्वी १५ टक्क्यांची सवलत होती. ती २०२२ च्या अर्थसंकल्पात काढून घेतली. आता नेहमीच्या दराने, म्हणजे नव्या पद्धतीतल्या कंपनीला सुमारे २५.१७ टक्के. लाभांश देताना तिकडे काही कर कापला गेला असेल तर त्याचं क्रेडिट इथे मिळतं. हातात काय उरलं? हंगेरीतून सुमारे १३ लाख ६२ हजार, नेदरलँड्समधून सुमारे १२ लाख १२ हजार. फरक दीड लाखाचा.

दीड लाख काही कमी नाहीत. पण तुमचा ग्राहक ॲमस्टरडॅमला असेल आणि कंपनी बुडापेस्टला, तर दोन माणसांची एक फेरी, व्हिसा-हॉटेलसकट, बहुधा एवढ्यातच जाईल. कमी कराचा खरा फायदा पैसे तिकडेच ठेवून तिकडेच वाढवणाऱ्याला होतो. दरवर्षी नफा घरी आणणाऱ्याला तो फार थोडा होतो.

शिवाय हे करार बदलत असतात. स्वित्झर्लंडशी असलेल्या करारात लाभांशावरचा ५ टक्क्यांचा दर भारतीयांना मिळत होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर स्वित्झर्लंडने ती सवलत थांबवली आणि १ जानेवारी २०२५ पासून दर पुन्हा १० टक्के झाला. केवळ एका कराच्या कलमावर देश निवडला असेल तर ते कलम गेल्यावर तिथे राहायचं कारणच उरत नाही.

मग देश कशावरून ठरवायचा?

तीन प्रश्न. एकेक घेऊ.

ग्राहक कुठे आहे? यंत्राचे भाग, पंप, व्हॉल्व्ह, साचे असा माल असेल तर बहुतेक वेळा उत्तर जर्मनी येतं. जर्मन कारखानदाराला दुरुस्तीला माणूस हवा असतो, वॉरंटीसाठी स्थानिक नाव हवं असतं, आणि कागद जर्मन भाषेत हवे असतात. तिथली खाजगी मर्यादित कंपनी म्हणजे जीएमबीएच. तिला २५,००० युरो भांडवल लागतं. नोंदणीच्या वेळी निदान १२,५०० युरो भरलेले असावे लागतात आणि नोटरीसमोर जावं लागतं. हे ऐकून लोक बिचकतात. पण ते भांडवल म्हणजे फी नव्हे, ते कंपनीच्याच खात्यात राहतं आणि कामाला वापरता येतं. तिथला खरीदार ते बघूनच तुम्हाला गंभीरपणे घेतो.

माल कुठे उतरणार? अनेक देशांत थोडा-थोडा माल विकायचा असेल तर नेदरलँड्स बघा. रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यांत मोठं बंदर. त्याहून महत्त्वाची गोष्ट व्हॅटची. समजा तुमचा ४० लाखांचा कंटेनर उतरला. ड्युटी बाजूला ठेवली तरी तिथला २१ टक्के व्हॅट म्हणजे ८ लाख ४० हजार रुपये बंदरावरच भरायचे, आणि नंतर परताव्याची वाट बघायची. छोट्या उद्योगाचं खेळतं भांडवल तिथेच संपतं. नेदरलँड्समध्ये 'कलम २३' म्हणून परवाना आहे. तो असला की आयातीच्या वेळचा व्हॅट बंदरावर रोख न भरता व्हॅटच्या विवरणपत्रातच दाखवून वळता करता येतो. तुमची तिथे कंपनी नसेल तर परवानाधारक वित्तीय प्रतिनिधी नेमूनही ही सोय घेता येते. म्हणजे कराच्या दरापेक्षा या एका परवान्याने तुमचे जास्त पैसे मोकळे राहतात. कंपनी काढायची झाली तर तिथल्या बीव्ही कंपनीला किमान भांडवलाची अट २०१२ पासून नावापुरतीच आहे, एका सेंटची.

माणूस कोण आणि कुठे? इथे आयर्लंडचं उदाहरण घेऊ. इंग्रजी भाषा, आपल्यासारखीच कायद्याची परंपरा, करही कमी. सॉफ्टवेअरवाल्यांना आवडतो. पण आयरिश कंपनीला एक संचालक युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणारा लागतो. नसेल तर २५,००० युरोंचा बाँड घ्यावा लागतो. तुमचा चुलतभाऊ डब्लिनला असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर भाड्याचा संचालक घेणार का, आणि त्याच्या सहीवर तुमची झोप लागेल का?

इथून माणूस पाठवणार असाल तर आणखी एक गोष्ट. भारताचे काही देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत: जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, झेक प्रजासत्ताक, हंगेरी, पोर्तुगाल वगैरे. अशा देशात ठराविक काळासाठी पाठवलेल्या माणसाचा पीएफ इथेच चालू राहतो. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवलं की तिकडे पुन्हा वर्गणी भरावी लागत नाही. आयर्लंड, पोलंड, एस्टोनिया या यादीत नाहीत. एका इंजिनिअरच्या पगारावर ही रक्कम मोठी होते.

एस्टोनियाबद्दलही सांगते, कारण एजंट तेच जास्त विकतात. डिसेंबर २०१४ मध्ये एस्टोनियाने परदेशी लोकांना डिजिटल ओळखपत्र द्यायला सुरुवात केली, ई-रेसिडेन्सी. योजना खरी आहे आणि चांगली आहे. त्याने घरबसल्या कंपनी काढता येते, सह्या करता येतात. पण त्याने राहायचा हक्क मिळत नाही, व्हिसा मिळत नाही आणि बँक खात्याची खात्री नाही. हे तिन्ही मिळतं असं सांगणारा माणूस तुम्हाला अर्धवट सांगतोय.

मोठ्यांनी काय केलं?

आमच्या विजयनगरजवळच इन्फोसिसचं ३०० एकरांहून मोठं आवार आहे, तेव्हा उदाहरण तिथलंच घेऊ. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिने युरोपचा एकच देश निवडला का? नाही. हिशेब-बिलांची कामं वेगवेगळ्या युरोपीय भाषांत करायची होती, तेव्हा झेक प्रजासत्ताकातलं बर्नो आणि पोलंडमधलं वूच ही शहरं. वूचचं केंद्र २००७ मध्ये फिलिप्सकडून आलं. व्यवस्थापन सल्ल्याचं काम हवं होतं, तेव्हा २०१२ मध्ये स्वित्झर्लंडची लोडस्टोन. गृहकर्जांची व्यवस्था बघणारं काम हवं होतं, तेव्हा २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या स्टेटरमध्ये ७५ टक्के हिस्सा. मोटारींच्या अभियांत्रिकीसाठी २०२४ मध्ये जर्मनीची इन-टेक. प्रत्येक वेळी काम वेगळं आणि म्हणून देश वेगळा.

पुण्याकडे बघा. भारत फोर्ज मोटारींचे फोर्जिंग करते. २००४ मध्ये तिने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस घेतली, म्हणजे मोटारी बनवणाऱ्यांच्या दारातच. थरमॅक्स बॉयलर बनवते. २०१० मध्ये डेन्मार्कची बॉयलरवाली डॅनस्टोकर घेतली. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये ब्रिटनची एसपीपी पंप्स घेतली आणि २०१५ मध्ये नेदरलँड्सची रोडेल्टा पंप्स. पुढे ब्रिटन संघाबाहेर गेलं तेव्हा त्यांच्याकडे आतलं एक दार आधीच होतं.

आणि पुण्याचीच सुझलॉन. पवनचक्क्यांचा धंदा, म्हणून आंतरराष्ट्रीय कामाचं कार्यालय डेन्मार्कमध्ये ऑरहूसला. पवनऊर्जेचं माहेरघर ते, देश अगदी बरोबर. पुढे २००६ मध्ये गिअरबॉक्स बनवणारी बेल्जियमची हॅन्सन, २००७ मध्ये जर्मनीच्या रीपॉवरची खरेदी. देश पुन्हा बरोबरच. पण कर्जाचा भार मोठा होता. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची परतफेड चुकली, आणि रीपॉवर, जिचं नाव तोवर सेन्व्हिऑन झालं होतं, ती २०१५ मध्ये १ अब्ज युरोंना विकावी लागली. बरोबर देश निवडला तरी त्याचा खर्च पेलला पाहिजे, हे सुझलॉनच्या गोष्टीतून आपल्यासारख्यांनी घ्यायचं.

तीन घरं, तीन उत्तरं

आता छोट्यांकडे येऊ. माझ्याकडे आलेली तीन कामं सांगते. नावं नाहीत सांगणार.

पहिलं, हेब्बाळमधलं एक मराठी कुटुंब, मूळचं बेळगावचं. ॲल्युमिनिअमचे यांत्रिक भाग बनवतात. तीन ग्राहक, तिन्ही दक्षिण जर्मनीत. मुलगा म्हणाला, "मॅडम, एस्टोनियात टॅक्स शून्य आहे म्हणे. घरावर कर्ज काढायचं बाबांनी ठरवलंय." मी एवढंच विचारलं की तुमच्या ग्राहकाची तक्रार काय आहे? ती टॅक्सची नव्हती. भाग संपला की आठ आठवडे थांबावं लागतं, ही होती. मग उपाय काय, तर ग्राहकांजवळ साठा. त्यांनी आधी तिथल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या गोदामात जागा भाड्याने घेतली, जर्मन व्हॅट नोंदणी केली, आणि आयातीचे कागद तिथल्या प्रतिनिधीमार्फत केले. अशा गोदामातून नेहमी माल जायला लागला की कराच्या दृष्टीने तिथे तुमची 'कायम आस्थापना' झाली का, हा प्रश्न उठतो. म्हणून सीएचं लेखी मत घेतलं. वर्षभराने मुख्य ग्राहकाने वॉरंटीचा करार मागितला तेव्हाच जीएमबीएच काढली. तोवर ऑर्डर हातात होती. घर गहाण पडलं नाही.

दुसऱ्या, विजयनगरच्याच एक ताई. अगरबत्ती आणि धूप. म्हैसूरची अगरबत्ती हे भौगोलिक मानांकन मिळालेलं उत्पादन. १९४८ पासूनची सायकल ब्रँडवाली रंगा राव यांची कंपनीही इथलीच. ताईंना बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनीतल्या योगवर्गांकडून थोडी-थोडी मागणी होती. त्यांना कंपनी काढायची होती. पण त्यांची खरी गरज होती ती जबाबदार पत्त्याची, त्या-त्या भाषेतल्या लेबलची आणि सुगंधी द्रव्यांच्या इशाऱ्याच्या मजकुराची. एक डच आयातदार हे सगळं करायला तयार झाला. नफ्यातला वाटा त्याला गेला, पण ताईंचं भांडवल मालातच राहिलं. मागणी कंटेनरभर झाली की मग नेदरलँड्सचा विचार करू, असं आमचं ठरलंय.

तिसरे, दोन तरुण सॉफ्टवेअरवाले. पाच ग्राहक, पाच देशांत, सगळे म्हैसूरच्या इनव्हॉइसवर पैसे देतात. त्यांना मी म्हटलं, तुम्हाला काहीच काढायचं नाही. जो ग्राहक करारासाठी युरोपीय कंपनी मागेल, त्याच्या ऑर्डरची रक्कम वर्षाच्या खर्चाच्या तिप्पट असेल, त्या दिवशी या. अजून आले नाहीत. धंदा चांगला चाललाय.

इकडची बाजू विसरू नका

तिकडचा देश कोणताही असो, पैसे इथून जातात, म्हणून नियम इथलेही आहेत. २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत.

भारतीय कंपनी आपल्या निव्वळ संपत्तीच्या ४०० टक्क्यांपर्यंत बाहेर गुंतवू शकते, रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी न घेता. पण पैसे पाठवायच्या आधी तुमच्या बँकेमार्फत एफसी फॉर्म भरून त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल, आणि १५ जुलैपर्यंत परदेशी देणी-मालमत्तेचं विवरणपत्र. तिकडे धंदा शून्य असला तरी हे भरायचंच.

तुम्ही एकट्याच्या नावाने धंदा करत असाल तर ती गुंतवणूक व्यक्तीची धरली जाते. मग वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा, आणि १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. ते शेअर आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावे लागतात. नाही दाखवले तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याने 'घरबसल्या शून्य टॅक्स' कोसळतं. कंपनी तिकडे नोंदलेली, पण सगळे मोठे निर्णय विजयनगरच्या दिवाणखान्यात होत असतील, तर आपला कायदा तिला भारतातली करदाती मानू शकतो. वर्षाची उलाढाल ५० कोटींपर्यंत असलेल्या कंपन्यांना हा नियम लावणार नाही, असं २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं. पण तेवढ्याने सुटका नाही. काम म्हैसूरला होतंय आणि नफा मात्र टॅलिनला साठतोय, तर इथल्या कंपनीला त्या कामाचा बाजारभावाने मोबदला का मिळाला नाही, असं अधिकारी विचारणारच. तिकडची बँकही विचारते की तुमचं इथे नक्की काय आहे, माणूस, जागा की नुसती पेटी? उत्तर नसेल तर खातं उघडत नाही, आणि उघडलेलं बंदही होतं.

एका कागदावर लिहा

आता घरी एक कोरा कागद घ्या. वर लिहा: माझ्या युरोपातल्या ग्राहकांची शहरं. देश नव्हे, शहरं. त्याखाली लिहा: त्यांची माझ्याबद्दलची तक्रार काय आहे. मग: माल कुठल्या बंदरात उतरतो आणि व्हॅटचे किती पैसे तिथे अडकतात. मग: तिकडे सही करू शकेल असं विश्वासाचं माणूस कोण. मग: दीड वर्ष एकही नवी ऑर्डर आली नाही, तर हिशेबनीस, पत्ता, बँक, विमा आणि प्रवास एवढा खर्च मी कर्जाशिवाय सोसेन का.

पहिल्या चार ओळींतून देश पुढे येईल. पाचव्या ओळीचं उत्तर 'नाही' असेल तर देश कितीही बरोबर असला तरी वेळ अजून आलेली नाही. आयातदार किंवा भाड्याचं गोदाम शोधा. हा कागद भरल्यावरच सीएकडे जा. एजंटला भेटायचंच असेल तर कागद बरोबर न्या आणि त्याच्या पॅकेजमधला देश या पाच ओळींशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर चहा पिऊन परत या.

पुढच्या भागात बोलूया परदेशी ग्राहकाशी पहिला करार करताना कोणत्या देशाचं न्यायालय लिहायचं, यावर. तोवर म्हैसूरहून नमस्कार.